फर्नचा जीनोम: पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि जरा ऐसपैस उत्तरं

फर्नच्या डीएनएवर काम चालतं असं सांगितलं की समोरचा आधी "बरं" म्हणतो, मग थोडा वेळ गप्प बसतो आणि मग विचारतो "पण फर्नच का?" तिथून जे प्रश्न सुरू होतात ते साधारण ठरलेलेच असतात, म्हणून एकदाच सगळे एका जागी लिहून टाकतोय. क्रमाने वाचायची गरज नाही, हवा तो प्रश्न उचला.

फर्न म्हणजे नेमकी कुठली झाडं? शोभेच्या कुंडीतली ती झालरवाली पानं का?

ती पण, पण तेवढीच नाहीत. मराठीत नेचे म्हणतात तो हा सगळा गट, साधारण साडेदहा हजार प्रजातींचा. यात हंसराज आहे, पाण्यावर तरंगणारा नखाएवढा अझोला आहे, ताडासारखे उंच वाढणारे ट्री फर्न आहेत, आणि एक्विसेटमसारखे फर्न न वाटणारे प्राणीसुद्धा (प्राणी म्हणजे आपलं बोलायची पद्धत हो) याच गटात धरतात. फूल नाही, बी नाही, फळ नाही, पानाच्या मागच्या बाजूला बीजाणूंचे ठिपके. आणि मुख्य गोष्ट, बी येणाऱ्या सगळ्या झाडांचे सगळ्यात जवळचे नातेवाईक कोण तर फर्न. शेवाळ नाही, सिलॅजिनेला ही बिनबियांची छोटी वनस्पती नाही, फर्न. त्यामुळे बी, फूल या गोष्टी कुठून आल्या हे समजून घ्यायचं असेल तर शेजारच्या घरात डोकावावंच लागतं, आणि ते घर बराच काळ कुलूपबंद होतं.

कुलूपबंद म्हणजे? बाकी झाडांचे जीनोम तर कधीच झालेत ना?

हो ना, तेच तर. अरॅबिडॉप्सिस या छोट्या फुलझाडाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, २००० साली वाचून आला, फिस्कोमिट्रेला या मॉसचा २००८ ला, सिलॅजिनेलाचा २०११ ला. फर्नचा पहिला पूर्ण जीनोम कधी आला असेल? २०१८. म्हणजे फर्नच्या अलीकडचे आणि पलीकडचे दोन्ही नातेवाईक वाचून झाले आणि मधला गट राहूनच गेला. कारण सोपं होतं, आकार. त्या काळच्या मशीनवर आणि त्या काळच्या खर्चात फर्नला हात घालायची कोणाची हिंमत होत नव्हती.

एवढा मोठा असतो? किती मोठा?

आकडे कोटीत सांगतो म्हणजे अंदाज येईल. जीनोम म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबच लांब ओळ. माणसाची ओळ साधारण ३१० कोटी अक्षरांची. अरॅबिडॉप्सिसची जेमतेम साडेतेरा कोटींची. आता फर्न बघा: हंसराजाची एक जात, अ‍ॅडियँटम कॅपिलस-व्हेनेरिस, ४८३ कोटी. अल्सोफिला स्पिन्युलोसा हा ट्री फर्न ६२७ कोटी. सेराटॉप्टेरिस रिचर्डाय, म्हणजे प्रयोगशाळेतला लाडका सी-फर्न, जवळपास ९६० कोटी.

आणि मग येतो टमेसिप्टेरिस ऑब्लँसिओलाटा. न्यू कॅलेडोनिया बेटावरचा एक छोटासा, अजिबात लक्षात न राहणारा फर्न. २०२४ मध्ये त्याचा जीनोम मोजला तेव्हा तो निघाला १६,०४५ कोटी अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या पन्नास पटींहून जास्त. आत्तापर्यंत मोजलेल्या कुठल्याही सजीवात एवढा मोठा जीनोम सापडलेला नाही, आधीचा विक्रम पॅरिस जॅपोनिका या फुलझाडाचा होता, साधारण १४,९०० कोटींचा. टमेसिप्टेरिसच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर शंभर मीटरच्या वर जाईल म्हणे. एका पेशीतला! आणि झाड केवढं, तर वीतभर.

उलट टोकाला साल्व्हिनिया कुकुलाटा, २६ कोटी. म्हणजे एकाच गटात सहाशे पटींचा फरक.

म्हणजे ज्याचा जीनोम मोठा तो जास्त प्रगत?

नाही. अजिबात नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता नुसतं "नाही" म्हणून पुढे जातो.

मग त्या कोट्यवधी अक्षरांत आहे तरी काय?

अडगळ, बहुतेक. सी-फर्नचा जीनोम २०२२ मध्ये आला तेव्हा दिसलं की त्यातला सुमारे ८५ टक्के भाग पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांचा आहे. यातले बरेचसे ट्रान्सपोझॉन, म्हणजे स्वतःची कॉपी काढून दुसरीकडे चिकटवणारे डीएनएचे तुकडे. हे सगळ्याच झाडांत असतात, मक्यात तर भरपूर असतात, पण बऱ्याच फुलझाडांमध्ये त्यांची साफसफाई पण तेवढीच जोरात चालते, जुने तुकडे कापले जातात, गुणसूत्रं तुटतात जोडली जातात, एकूण उलथापालथ चालू असते. फर्न मात्र माळ्यावर ठेवलेलं सहसा खाली काढत नाही. आलं की राहिलं. कोट्यवधी वर्षं राहिलं. माझ्या मते फर्नच्या जीनोमबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती हीच, की यांचा जीनोम मोठा आहे तो जास्त जमवल्यामुळे कमी आणि टाकून न दिल्यामुळे जास्त. खालचे अर्धे प्रश्न फिरून याच गोष्टीवर येतात, बघा.

आणि "अडगळ" म्हटलं म्हणून ती निरुपयोगीच असं नाही, कधीकधी त्यातून जीन चालू-बंद करणारे नवीन स्विच तयार होतात, पण सगळीच उपयोगी आहे असं म्हणणारेही मला जरा अतीच वाटतात.

फर्नमध्ये गुणसूत्रं खूप असतात असं शाळेच्या पुस्तकात होतं. ते अजून खरं आहे का?

खरं आहे. ऑफिओग्लॉसम रेटिक्युलॅटम या फर्नमध्ये २एन, म्हणजे एका पेशीतली एकूण गुणसूत्रं, १४४०. जुन्या पुस्तकांत १२६० लिहिलेलं असतं, तो आधी मोजलेला आकडा, नंतर त्याहून जास्त मिळाले. माणसात ४६ असतात हे आठवून बघा. एक्विसेटमच्या जाती घ्या, १०८ जोड्या. सगळ्याच फर्नमध्ये असं नसतं, पण एकाच प्रकारचे बीजाणू बनवणाऱ्या फर्नमध्ये सरासरी ५७ च्या आसपास जोड्या निघतात आणि फुलझाडांमध्ये १६ च्या आसपास. गंमत म्हणजे अझोला, साल्व्हिनिया वगैरे जे नर आणि मादी असे दोन वेगळे बीजाणू बनवतात त्यांच्यात परत कमी, १३-१४. म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि बीजाणूंची पद्धत यांचा काहीतरी संबंध आहे हे १९६० च्या दशकापासून लोकांना दिसत होतं, का आहे ते कळत नव्हतं.

सरळ उत्तर असं वाटायचं की यांचा अख्खा जीनोम पुन्हा पुन्हा दुप्पट झाला असणार. दुप्पट, परत दुप्पट, परत दुप्पट, म्हणून एवढी गुणसूत्रं. पण मग १९८० च्या दशकात एन्झाइमचे नमुने तपासले तर जास्त गुणसूत्रांचे फर्नसुद्धा साध्या दोन-प्रतींच्या झाडासारखे वागताना दिसले, प्रत्येक जीनच्या दोनच प्रती कामावर. मग बाकीच्या गेल्या कुठे? त्यावर म्हणणं असं निघालं की जीन्स हळूहळू गप्प झाले पण गुणसूत्रं तशीच राहिली.

हा वाद तीस-चाळीस वर्षं जीनोमशिवायच चालला, म्हणजे पत्रिका न बघता लग्न जुळवण्यासारखं. सी-फर्नचा जीनोम आला, गुणसूत्रांच्या ३९ जोड्या, आणि त्यात अनेक दुप्पटींच्या खुणा दिसतील असं वाटत होतं. तर त्याच्या स्वतःच्या इतिहासात साधारण ६ कोटी वर्षांपूर्वीची एकच ठळक दुप्पट दिसली. म्हणजे एवढा थोरला आकार वारंवार दुपटीने आलेला नाहीच, तो मुख्यतः त्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यांनी फुगलेला. ट्री फर्नमध्ये १० कोटी वर्षांहून जुनी एक दुप्पट सापडली आणि इतक्या वर्षांनीही तिचे जोडीतले पट्टे ओळखू येतात. माळ्यावरचं सामान खाली येत नाही म्हटलं ना, ते असं.

पहिला फर्न जीनोम कुठला?

एक नाही, दोन एकदमच. अझोला फिलिक्युलॉइडस, ७५ कोटी अक्षरं, आणि साल्व्हिनिया कुकुलाटा. २०१८ मध्ये नेचर प्लँट्स या संशोधन नियतकालिकात आले. दोन्ही पाण्यावर तरंगणारे, दोन्ही दोन-बीजाणूवाले, दोन्हींचे जीनोम फर्नच्या मानाने चिमुकले. म्हणजे सोप्या पेपरपासून सुरुवात केली म्हणा ना, आणि त्यात काही गैर नाही.

अझोलाची गोष्ट मजेशीर आहे. पैसे मिळेनात म्हणून २०१४ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी इंटरनेटवर वर्गणी मागितली, १५ हजार डॉलर. १२३ जणांनी मिळून २२ हजारांच्या वर दिले. मग बीजीआय ही चीनमधली सिक्वेन्सिंगवाली मंडळी मदतीला आली आणि काम मार्गी लागलं.

अझोलामध्ये एवढं काय आहे की लोक पैसे देतील?

अझोलाच्या पानात एक पोकळी असते आणि त्यात नोस्टॉक जातीचा निळा-हिरवा जिवाणू राहतो. तो हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतो, म्हणून अझोला भाताच्या शेतात खत म्हणून शेकडो वर्षं वापरलाय. डाळीच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू मातीतून दर पिढीला नव्याने यावे लागतात, इथे तसं नाही, इथे जिवाणू मादी बीजाणूच्या पिशवीबरोबर पुढच्या पिढीत जातो, आईकडून मुलीकडे दागिने जातात तसा. इतकी वर्षं एकत्र राहून त्या नोस्टॉकचे कितीतरी जीन मोडून पडलेत, बाहेर एकटा तो जगू शकत नाही.

अझोला आणि साल्व्हिनियाचे जीनोम बघितल्यावर अजून एक कळलं. जमिनीवरच्या बहुतेक झाडांत मुळांशी बुरशीची दोस्ती जमवणारे काही ठरावीक जीन असतात, डाळवर्गीय झाडं नायट्रोजनवाल्या जिवाणूंसाठीही तेच वापरतात. या दोन्ही पाणफर्नमध्ये ते जीन गायब आहेत. म्हणजे अझोलाने नोस्टॉकशी जमवलंय ते वेगळ्याच वाटेने. ती वाट नक्की कुठली यावर काम चालू आहे.

आणि हो, ४.९ कोटी वर्षांपूर्वी उत्तर ध्रुवाच्या समुद्रावर अझोला इतका पसरला होता की त्याने हवेतला कार्बन खाली गाडून पृथ्वी थंड करायला हातभार लावला असं बरेच जण मानतात. समुद्रतळाच्या गाळात त्याचे थरच्या थर सापडलेत. वर्गणी देणाऱ्यांना हीच गोष्ट आवडली असणार.

डीएनए काढायचा म्हणजे पान चुरडायचं आणि मशीनमध्ये घालायचं ना?

असं असतं तर काय हवं होतं. फर्नच्या पानांत चिकट साखरेचे लांब रेणू आणि टॅनिनसारखी द्रव्यं ठासून भरलेली असतात. पान चुरडलं की ती डीएनएला चिकटतात, ट्यूबमध्ये पारदर्शक काहीतरी मिळायच्या ऐवजी चहाच्या रंगाचा शेंबूड मिळतो, आणि असा नमुना मशीनमध्ये घातला की रीड्स, म्हणजे मशीन एका दमात वाचतं ते तुकडे, अर्ध्यात थांबतात. म्हणून जुनी पानं घेत नाहीत, उलगडायच्या आधीच्या कोवळ्या गुंडाळ्या घेतात, द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशाला गोठवून वाटतात, मग सीटॅब या साबणासारख्या रसायनाचं द्रावण वापरतात. बरेच जण आधी पेशीकेंद्रकं वेगळी करतात आणि मगच डीएनए काढतात, वेळ जातो पण धागे लांब मिळतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा सलग तीन आठवडे नुसते तपकिरी थेंब जमवले होते, चौथ्या आठवड्यात कोणीतरी सांगितलं की पानं फारच मोठी झालेली घेतोयस.

लॉंग रीड लॉंग रीड म्हणतात ते काय प्रकरण आहे?

मशीन अख्खी ओळ एका दमात वाचू शकत नाही, तुकडे वाचतं. इल्युमिना कंपनीच्या मशीनचे तुकडे साधारण १५० अक्षरांचे, स्वस्त आणि बिनचूक. मग हे तुकडे एकमेकांवर कुठे चढतात ते बघून कॉम्प्युटर ओळ परत जुळवतो.

आता समजा एखाद्या गाण्याची वही फाटली, शंभर कडवी, आणि प्रत्येक कडव्यानंतर तेच पालुपद. वहीचे बारीक बारीक चिठोरे झालेत. ज्या चिठोऱ्यावर कडव्यातली ओळ आहे तो लागेल जागेवर, पण ज्याच्यावर नुसतं पालुपद आहे तो कुठल्या कडव्याखालचा हे कोण सांगणार? फर्नचा जीनोम म्हणजे पालुपद ८५ टक्के आणि कडवी उरलेली. म्हणून १५० अक्षरांच्या चिठोऱ्यांनी काम होत नव्हतं.

चिठोरा एवढा मोठा असेल की त्यावर आधीच्या कडव्याची शेवटची ओळ, पूर्ण पालुपद आणि पुढच्या कडव्याची सुरुवात असं सगळं येईल तर प्रश्न मिटतो. पॅकबायोचे हायफाय रीड्स साधारण १५ ते २० हजार अक्षरांचे आणि ९९.९ टक्के अचूक, ऑक्सफर्ड नॅनोपोअरचे त्याहून लांब जातात, लाखाच्या पुढेही. वरून हाय-सी नावाची पद्धत वापरतात, त्यात पेशीच्या आत कुठला डीएनए कुठल्या डीएनएच्या जवळ होता हे पकडतात. एकाच गुणसूत्रावरचे भाग एकमेकांजवळ जास्त असतात, त्यामुळे लांब तुकडे गुणसूत्रांत वाटून क्रमाने लावता येतात. २०२२ मध्ये हंसराज, ट्री फर्न आणि सी-फर्न हे तिन्ही एकाच वर्षी आले तो योगायोग नव्हता, लांब रीड्स परवडायला लागले म्हणून आले.

प्रत्येक झाडात आईची एक आणि बापाची एक अशा दोन प्रती असतात, त्यांचा गोंधळ होत नाही का?

होतो. दोन प्रती थोड्या वेगळ्या असल्या की असेंब्लरला, म्हणजे तुकडे जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाटतं की हे दोन वेगळे भाग आहेत आणि तो जीनोम उगाच फुगवून ठेवतो. पण इथे फर्नने आपल्यावर मोठा उपकार करून ठेवलाय. फर्नचा बीजाणू जमिनीवर पडला की त्यातून आधी एक बोटाच्या नखाएवढं हिरवं पातळ झाड येतं, गॅमिटोफाइट, त्यात एकच प्रत असते. बऱ्याच फर्नमध्ये हेच झाड शुक्रपेशी आणि अंडपेशी दोन्ही बनवू शकतं. त्याच्या शुक्रपेशीने पाण्याच्या थेंबातून पोहत जाऊन त्याच्याच अंडपेशीला गाठलं तर जे फर्न उगवतं त्याच्या दोन्ही प्रती तंतोतंत सारख्या. एका पिढीत! मक्यासारख्या पिकात असं जवळपास सारखं वाण बनवायला सहा-सात पिढ्या स्वतःशीच संकर करत बसावं लागतं. सी-फर्नमध्ये हे अगदी सहज जमतं, बीजाणूपासून गॅमिटोफाइट दोन आठवड्यांत तयार होतं, म्हणून तर तो लाडका.

पाणफर्नमध्ये ही सोय नाही, नर मादी बीजाणू वेगळे.

सिक्वेन्स करायच्या आधी जीनोम किती मोठा हे कसं कळतं?

फ्लो सायटोमेट्री. पेशीकेंद्रकं बाहेर काढायची, डीएनएला चिकटून चमकणारा रंग लावायचा, लेझरसमोरून एक एक करून सोडायची. जितका डीएनए तितकी चमक. शेजारी ज्याचा आकार माहीत आहे अशा झाडाची केंद्रकं ठेवायची आणि तुलना करायची. टमेसिप्टेरिसचा आकडा असाच मोजलाय. लोकांचा इथे नेहमी गैरसमज होतो, त्याचा जीनोम मोजलाय, वाचलेला नाही. वजन काट्यावर पोतं ठेवलंय, आत काय आहे ते उघडून बघितलेलं नाही.

मग तो वाचणार कधी?

हिशोब करा. नीट असेंब्ली, म्हणजे तुकड्यांची जुळणी, हवी तर प्रत्येक अक्षर साधारण तीस वेळा वाचावं लागतं. १६,०४५ कोटी गुणिले तीस म्हणजे जवळपास ४ लाख ८० हजार कोटी अक्षरं. पैसे एकवेळ जमतील, पण ते जुळवायला लागणारी मेमरी, डिस्क आणि धीर कोणाकडे आहे?

असेंब्ली चांगली झाली की वाईट हे कसं ओळखायचं? एन५० मोठा म्हणजे चांगली ना?

एन५० म्हणजे तुकडे लांबीप्रमाणे लावले तर ज्या तुकड्यापाशी अर्धा जीनोम भरतो त्याची लांबी. मोठा असावा, पण चुकीचे तुकडे चुकीच्या जागी जोडूनही एन५० मोठा करता येतो. त्यामुळे बुस्को पण बघतात, म्हणजे सगळ्या झाडांत एकच प्रत असायला हवी असे ठरलेले जीन यात किती पूर्ण सापडतात. फर्नच्या बाबतीत एक खोच आहे, ही यादी बनवताना आधार घेतलेली झाडं बहुतेक फुलझाडं, त्यामुळे फर्नचा बुस्को जरा कमी आला म्हणून लगेच नाक मुरडू नका. सी-फर्नचंच बघा, अंदाजे ९६० कोटींपैकी ७४६ कोटी असेंबल झाले, म्हणजे बराच भाग बाहेरच राहिला, पण जीन्सच्या दृष्टीने काम उत्तम झालंय.

ओळ मिळाली, पण त्यातले जीन कुठे आहेत हे कसं शोधतात?

मुख्य आधार आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जीनची पेशीने काढलेली नक्कल. पान, मूळ, गॅमिटोफाइट, बीजाणूंचे ठिपके असे वेगवेगळे भाग घेऊन त्यातला आरएनए वाचतात आणि तो जीनोमवर कुठे बसतो ते बघतात. सी-फर्नमध्ये अशा रीतीने ३६,८५७ जीन निघाले. फर्नमध्ये त्रास असा की एका जीनचे तुकडे एकमेकांपासून लांब लांब असतात, मधल्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे नकलेतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागांत, ट्रान्सपोझॉन येऊन बसलेले असतात, त्यामुळे सॉफ्टवेअर एका जीनचे दोन जीन करून ठेवतं. फुलझाडांवर शिकवलेलं सॉफ्टवेअर फर्नवर तसंच चालवू नका, ही माझी हात जोडून विनंती.

फर्नने दुसऱ्यांचे जीन उचललेत असं वाचलं. खरंच?

खरंच. आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग.

पहिली केस निओक्रोमची. फर्न जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत राहतात, तिथे प्रकाश कमी. बऱ्याच फर्नमध्ये निओक्रोम नावाचं एक प्रथिन असतं, लाल प्रकाश ओळखणारं फायटोक्रोम आणि निळा ओळखणारं फोटोट्रॉपिन यांचं जोडकाम, त्यामुळे अगदी मंद उजेडातही ते दिशा पकडतात. हे कुठून आलं? २०१४ मध्ये दाखवलं गेलं की हा जीन हॉर्नवर्ट नावाच्या शेवाळासारख्या छोट्या झाडांकडून फर्नमध्ये आलाय, साधारण १७.९ कोटी वर्षांपूर्वी. लग्न नाही, संकर नाही, सरळ एका कुळातून दुसऱ्या कुळात उडी. कशी? दोघंही ओलसर जागी शेजारी शेजारी वाढतात आणि फर्नचं गॅमिटोफाइट उघडंच असतं, अंडपेशीला बियांसारखं संरक्षण नाही, त्यामुळे बाहेरचा डीएनए आत शिरायला वाव जास्त असावा, असा तर्क आहे.

दुसरी केस कीटकांची. फर्नला कीड फारशी लागत नाही हे कोणीही निरखून बघितलं तर कळेल. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या लोकांनी टेक्टारिया मॅक्रोडोंटा या फर्नमधून टीएमए१२ नावाचं प्रथिन शोधलं, पांढऱ्या माशीला मारणारं, आणि ते कापसात घालून २०१६ मध्ये दाखवलं की माशी मरते. दोन वर्षांनी साल्व्हिनियाचा जीनोम आला तर त्यात त्याच कुळातला जीन, आणि त्याचा वंशवृक्ष काढला तर मूळ जिवाणूंकडे जातं. सी-फर्नमध्येही जिवाणूंकडून आलेले विषारी प्रथिनांचे जीन सापडलेत. उसनं घेतलं आणि परत केलं नाही. टाकून न देण्याची सवय इथेही दिसते.

क्लोरोप्लास्टचा, म्हणजे हरितलवकाचा, जीनोम वेगळा असतो ना? तो तर सोपा असेल.

वाचायला सोपा, साधारण दीड लाख अक्षरं, एका दुपारी होतं काम. पण त्यात एक ग्यानबाची मेख आहे. फर्नच्या क्लोरोप्लास्टमध्ये डीएनएत जे लिहिलंय ते आरएनएत जसंच्या तसं राहत नाही, मागाहून दुरुस्ती होते, कुठे सी चा यू होतो तर कुठे यू चा सी (आरएनएत टी च्या जागी यू असतो). हंसराजाच्या क्लोरोप्लास्टमध्ये अशा साडेतीनशे जागा २००४ मध्येच मोजल्या होत्या. फुलझाडांमध्ये साधारण तीस-चाळीस असतात. त्यामुळे नुसता डीएनए बघून "या जीनच्या मध्येच स्टॉप, म्हणजे थांबायची खूण, आलीय, हा मेलेला जीन" असं लिहिणारे फसतात. मेलेला नसतो, छापल्यावर दुरुस्त होतो. चूक मुळातूनच खोडून टाकायच्या ऐवजी दर वेळी वाचताना सुधारून घ्यायची, फर्नचा स्वभावच तो.

फर्नवरून फुलझाडांबद्दल काय कळलं? एखादं उदाहरण द्या.

फुलझाडांत पाणी कमी पडलं की अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड नावाचं हार्मोन पानाची रंध्रं बंद करतं, त्या निरोपातला एक मधला माणूस म्हणजे ओएसटी१ नावाचा जीन. सी-फर्नमध्ये त्याच जीनचा भाऊ सापडला तो रंध्रांच्या कामावर नव्हताच, तो गॅमिटोफाइटचं लिंग ठरवण्यात गुंतलेला. सी-फर्नमध्ये जो आधी वाढतो तो उभयलिंगी होतो आणि एक रसायन सोडून शेजाऱ्यांना नर बनवतो, अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड त्या रसायनाला अडवतं, आणि हा जीन त्याच साखळीतला. म्हणजे जे अवजार आपण "दुष्काळासाठीच बनलं" समजत होतो ते फर्नमध्ये भलतंच काम करतंय. फुलझाडंच बघत बसलो असतो तर हे सुचलंही नसतं.

याचा व्यवहारात काही उपयोग?

पांढरी माशी वर आलीच. दुसरं, टेरिस व्हिटाटा हा फर्न मातीतलं आर्सेनिक शोषून पानात साठवतो, सुक्या वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत, आणि मजेत जगतो, हे २००१ मध्ये कळलं. त्यामागचा एक जीन एसीआर३, जो आर्सेनिकला पेशीच्या पोकळीत नेऊन बंद करतो. फुलझाडांनी हा जीन कधीतरी गमावला, फर्नने ठेवला.

प्रत्येक वेळी अख्खा जीनोमच करावा लागतो का?

नाही, आणि करूही नये. कुठला फर्न कुठल्याचा नातेवाईक एवढंच हवं असेल तर क्लोरोप्लास्ट किंवा ठरावीक काहीशे जीन पकडून वाचणं पुरतं, हर्बेरियममधल्या जुन्या वाळलेल्या पानावरही जमतं. कुठले जीन चालू आहेत हे हवं असेल तर आरएनए वाचा, २०१९ मध्ये हजारावर वनस्पतींचे असे संच एकत्र आले त्यात फर्न बरेच आहेत. एक धोका लक्षात ठेवा, बरेच फर्न संकरातून आणि दुपटीतून झालेले, त्यात दोन आजोबांचे जीन एकत्र नांदत असतात, आणि नुसत्या क्लोरोप्लास्टवर वंशवृक्ष काढला तर त्यात एकाच बाजूचं घराणं दिसतं.

मला स्वतःला बघायचा आहे, कुठे मिळेल?

इंटरनेटवर: अझोला आणि साल्व्हिनिया फर्नबेस या साइटवर, सी-फर्न फायटोझोमवर, बाकीचे जेनबँक या डेटाबेसमध्ये शोधले की सापडतात. फुकट आहेत. फाइल मात्र डाउनलोड करायच्या आधी डिस्कवर जागा आहे का बघा, सी-फर्नची नुसती अक्षरांची फाइल उघडली की सात जीबीच्या वर जाते आणि नोटपॅडमध्ये उघडायचा प्रयत्न केला तर लॅपटॉप हात टेकतो. त्यापेक्षा जीनोम ब्राउझर, म्हणजे जीनोम नकाशासारखा सरकवत बघायचं वेबपान, उघडा. आधी अरॅबिडॉप्सिस, कुठलाही जीन घ्या आणि पुढच्या जीनपर्यंत सरका, सरासरी दर पाच हजार अक्षरांमागे एक जीन आहे, लगेच येतो. मग सी-फर्नमध्ये तेच करा. तिथे सरासरी दोन लाख अक्षरांमागे एक. सरकत राहा.